बारदान

एक्स्पोर्ट एक्क्याण्णव टक्क्यांवर थांबला
आणि लॅपटॉपने पाटी लावली : जागा अपुरी आहे.
कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, रात्रीचे पावणेबारा.
काजलचा साताऱ्याहून तिसरा मेसेज :
ताई, हळदीचा व्हिडिओ?
उद्या सासूबाईंच्या बहिणी येणार आहेत.

तात्या झोपले नव्हते.
मसाला मार्केटात चौतीस वर्षं थप्प्या लावलेल्या माणसाला
'जागा नाही' एवढं ऐकून झोप लागत नाही.
खुर्ची ओढून बसले. "माल किती?"
"दोनशे दहा जीबी."
"गाळा केवढा?"
"दोनशे छप्पन्न. पण त्यात लॅपटॉपचं स्वतःचं सामान आहे.
आणि नवी फाइल तयार होईस्तोवर
जुनी हलवता येत नाही."
"हां," ते म्हणाले,
"थप्पी फिरवायची तर शेजारी फरशी रिकामी लागते.
हे तुला कंपनीत शिकवलं?
आम्हाला मुकादमाने पहिल्याच दिवशी शिकवलं,
मानेवर एक रट्टा देऊन."

मग म्हणाले, "बारदान किती?"

मला जरा वेळाने कळलं.
एडिटिंग अडखळू नये म्हणून केलेल्या हलक्या नकला,
कॅशे, अर्धवट राहिलेले दोन एक्स्पोर्ट,
आतला माल कधीच बाहेर गेलेली रिकामी पोती.
एकोणतीस जीबी.
"एवढं बारदान आमच्या काट्यावर आलं असतं ना,
तर मारामारी झाली असती. वजा कर."
वजा केलं.
जड काही उतरवलं की आवाज व्हायला हवा असं वाटत राहतं.
काही झाला नाही.

पुढे मी एकटीच उपसत गेले.
ड्रोनने सात वेळा टिपलेली तीच पाण्याची टाकी.
भाच्याचा अंगठा, चार मिनिटं.
फोर-केचं टेन-एटी केलं;
सासूबाईंच्या बहिणींना तात्यांच्या नाकावरची
हळदीची एकेक कणी कशाला मोजायचीय?

शेवटी सगळ्यात मोठी फाइल.
अडतीस मिनिटं, चौदा जीबी, कुणीच न काढलेली.
गच्चीच्या कठड्यावर कुणीतरी फोन चालूच ठेवून गेलं होतं.
चित्रात नुसती निळी ताडपत्री,
वाऱ्याने फुगणारी, बसणारी.
हेडफोन लावले, सहज, पुसण्याआधी.

"दिनबा, पातेलं तुझ्या पोराला उचलू दे.
मला वाकवत नाही आता.
मणक्याचं दोन वर्षांमागेच सांगितलंय डॉक्टरने.
पोरीचं होऊन जाऊ दे. घरात बोलू नको."

मग बराच वेळ पळीचा आवाज.
मग आचारी : "हळद कुठली, तात्या?"
"राजापुरी. आपल्याच गाळ्यावरची."
आणि दोघं कशावर तरी हसले,
ते वाऱ्यात नीट आलेलं नाही.

तात्या शेजारीच होते.
स्क्रीनकडे वाकून, म्हणजे मान तेवढी पुढे करून,
विचारत होते, "ही ताडपत्री कसली? कुणाचा माल?"
मी एका कानावरचा हेडफोन सरकवला.
"बारदान," म्हणाले.
"मग काढ की."
"काढते."

चित्र सोलून टाकलं, आवाज तेवढा राखला.
चौदा जीबीचे छत्तीस एमबी झाले.
नाव दिलं : वीजबिल, जून.
आमच्या घरात ती फाइल कुणी उघडत नाही.

सव्वा वाजता पट्टी शंभरावर टेकली.
"निव्वळ?"
"सहा जीबी."
"चांगला उतारा पडला," म्हणाले, आणि उठले.
उठताना एक हात कपाटाला टेकवला.
इतकी वर्षं मला वाटायचं,
दार नीट लागलंय का ते बघतात.